एका प्रशिक्षिकेची चाळीस वर्षे

(क्रीडाशिक्षक आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या समाजात लग्नाच्या बोलणीच्या वेळी एक संवाद हमखास ऐकू येतो. “मुलगी काय करते?” “महाविद्यालयात खेळाची प्रशिक्षिका आहे.” “ते झालं हो, पण नोकरी कुठे?” या प्रश्नात कुचेष्टा नसते, खरीखुरी शंका असते. शिकवणे हा व्यवसाय आहे हे आपल्याला मान्य आहे. पण खेळ शिकवणे हाही आयुष्यभर निष्ठेने करावा असा व्यवसाय असू शकतो, हे अजून आपल्या गळी उतरलेले नाही. आचरेकर सरांचे नाव आपण आदराने घेतो. यष्टींवर ठेवलेल्या त्या एक रुपयाच्या नाण्याची गोष्ट घरोघरी सांगितली जाते. परंतु आपल्या मुलाने सचिन व्हावे असे वाटणारे पालक हजारो भेटतात, त्याने आचरेकर व्हावे असे वाटणारे शोधूनही सापडत नाहीत.

म्हणून आजच्या विषयासाठी दूरच्या एका देशातील उदाहरण समोर ठेवायचे आहे. देश अमेरिका, खेळ सॉफ्टबॉल आणि व्यक्ती कॅरोल हचिन्स. मिशिगन विद्यापीठाच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघाच्या त्या ३८ हंगाम मुख्य प्रशिक्षिका होत्या. २०२२ साली निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या नावावर एकूण १,७०७ विजय होते. अमेरिकेच्या महाविद्यालयीन सॉफ्टबॉलमध्ये तोवर इतके विजय दुसऱ्या कोणत्याही प्रशिक्षकाला मिळालेले नव्हते. हा आकडा मोठा आहेच. परंतु त्या आकड्यापर्यंत पोहोचण्याची वाट अधिक विचार करण्यासारखी आहे.

खेळ आणि कायदा

सॉफ्टबॉल हा खेळ आपल्याला अगदी अपरिचित नाही. महाराष्ट्रातही शालेय आणि आंतरविद्यापीठीय स्पर्धांत तो खेळला जातो. १८८७ साली शिकागो येथील एका नौकाविहार मंडळाच्या सभागृहात त्याचा जन्म झाला असे मानतात. बेसबॉलचेच हे बंदिस्त जागेत खेळायचे रूप होते. पुढे तो मैदानावर आला. चेंडू बारा इंच परिघाचा, बेसबॉलपेक्षा मोठा. तो खांद्यावरून नव्हे, तर कमरेखालून हात फिरवून फेकायचा. फेकणारी आणि फलंदाज यांच्यात महाविद्यालयीन स्तरावर अंतर अवघे ४३ फूट. आणि सामना सात डावांचा. इतक्या कमी अंतरावरून चेंडू येत असल्याने फलंदाजाला विचार करायला क्षणाचाही पुरता अवधी मिळत नाही. हात आधीपासून घडवलेला असावा लागतो. ‘सॉफ्ट’ या नावावर जाऊ नये, खेळ चांगलाच कठीण आहे.

अमेरिकेत मुलींच्या खेळांना सरकारी पाठबळ मिळाले ते १९७२ साली. त्या वर्षीच्या २३ जून रोजी शिक्षणविषयक एका कायद्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी स्वाक्षरी केली. त्यातील नववे प्रकरण ‘टायटल नाइन’ या नावाने प्रसिद्ध आहे. केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत लिंगभेदावरून कोणाला वंचित ठेवता येणार नाही, एवढाच त्याचा आशय. त्यात मैदानाचा उल्लेखही नव्हता. पण शिक्षणसंस्थेत खेळ येतो, म्हणून तोही कायद्याच्या कक्षेत आला. कायदा झाला, मात्र कागदावरचा कायदा मैदानावर आपोआप उतरत नाही. त्यासाठी कोणाला तरी दार ठोठवावे लागते.

सोळा डॉलर आणि अकरा डॉलर

कॅरोल हचिन्स यांचा जन्म १९५७ सालचा, मिशिगन राज्यातील लान्सिंग शहरातला. मिशिगन स्टेट विद्यापीठात त्या बास्केटबॉल आणि सॉफ्टबॉल असे दोन्ही खेळ खेळल्या. १९७६ साली त्या पहिल्याच वर्षाला असताना विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल संघाने ओमाहा येथे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. शॉर्टस्टॉपच्या जागेवर खेळणारी ही मुलगी त्या संघात होती.

त्याच विद्यापीठाचा पुरुषांचा बास्केटबॉल संघ तेव्हा देशभर गाजत होता. मॅजिक जॉन्सन त्याच संघात होता. १९७९ साली त्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. दोन्ही संघ एकाच विद्यापीठाचे, पोशाखावरचे नाव एकच. पण दौऱ्यावर गेल्यावर पुरुष खेळाडूला जेवणखर्चासाठी दिवसाला १६ डॉलर मिळत, मुलींना ११. मुलांची व्यवस्था एका खोलीत दोघे अशी, मुलींची एका खोलीत चौघी अशी. कोणी म्हणेल, पाच डॉलरसाठी एवढे काय? परंतु प्रश्न पाच डॉलरचा नव्हता. मुलीच्या पोटाला भूक कमी लागते, हे संस्थेने कशावरून ठरवले, हा होता.

१९७९ साली हचिन्स आणि त्यांच्या सहकारी खेळाडू न्यायालयात गेल्या. त्या खटल्यात वादी म्हणून पहिले नाव हचिन्स यांचे आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत न्यायाधीश नोएल फॉक्स यांनी तात्पुरता आदेश काढून मुलींच्या बाजूने हस्तक्षेप केला. बावीस वर्षांच्या आतली विद्यार्थिनी, पदवी अजून हातात पडायची आहे आणि ती आपल्याच विद्यापीठाविरुद्ध उभी राहते. त्यात द्वेष नव्हता. संस्था आपली आहे म्हणून ती नीट असावी, असा तो आग्रह होता. आपल्या माणसाची चूक दाखवणे हे परक्याची चूक दाखवण्यापेक्षा नेहमीच अवघड असते.

पायऱ्या

पदवी मिळाल्यावर हचिन्स यांनी जो मार्ग धरला, तो अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रशिक्षकाचा आजही रूढ असलेला मार्ग आहे. खेळाडू म्हणून कारकीर्द संपली की पदव्युत्तर शिक्षण घेता घेता एखाद्या संघाचा साहाय्यक व्हायचे. मग लहान महाविद्यालयात स्वतंत्र जबाबदारी. मग मोठ्या विद्यापीठात पुन्हा साहाय्यक. आणि योग जुळून आला तर मुख्य प्रशिक्षक. हचिन्स यांनी इंडियाना विद्यापीठातून १९८१ साली शारीरिक शिक्षणात पदव्युत्तर पदवी घेतली आणि तेथेच साहाय्यकाचे काम केले. १९८२ साली फेरिस स्टेट या तुलनेने लहान संस्थेत एक हंगाम मुख्य प्रशिक्षिका म्हणून काढला. १९८३ साली मिशिगन विद्यापीठात बॉब डीकॅरोलिस यांच्या हाताखाली साहाय्यक झाल्या. स्वतंत्र अधिकाराचे पद सोडून पुन्हा दुय्यम पद स्वीकारणे, हा निर्णय पगाराच्या हिशेबात बसणारा नाही. शिकण्याच्या हिशेबात मात्र बसतो. १९८५ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली.

या पायऱ्यांवर पैसा जवळजवळ नव्हता, हे ध्यानात घ्यावे. त्या काळात मुलींच्या संघांच्या प्रशिक्षकांना मानधनापलीकडे फारसे काही मिळत नसे. मैदानाची देखभाल, प्रवासाची व्यवस्था, साहित्याची मोजदाद ही कामे बहुधा प्रशिक्षकाच्याच गळ्यात असत. पॅटी गासो यांचे उदाहरण असेच बोलके आहे. लाँग बीच येथील एका सिटी कॉलेजमध्ये पाच वर्षे काढून त्या १९९५ च्या हंगामात ओक्लाहोमा विद्यापीठात आल्या. तेव्हा त्या संघाला स्वतःचे मैदान नव्हते. नगरपालिकेच्या सार्वजनिक उद्यानातील मैदानावर सामने होत. त्याच गासो यांच्या संघाने २००० सालापासून २०२४ पर्यंत आठ राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली, त्यांतील शेवटची चार सलग. २०२४ साली त्याच विद्यापीठात सॉफ्टबॉलसाठी नवे, भव्य क्रीडांगण उभे राहिले. उद्यानातल्या उसन्या मैदानापासून तिथवरचे अंतर एका पिढीने चालून काढले.

वीस वर्षांचा धीर

मिशिगनला अडचण निसर्गाचीही होती. महाविद्यालयीन सॉफ्टबॉलचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. त्या वेळी कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनात ऊन असते, तर मिशिगनमध्ये बर्फ. तेथील मुली हंगामाचे पहिले काही आठवडे दक्षिणेकडच्या राज्यांत परक्या मैदानांवर खेळतात. घरच्या मैदानावर उतरायला मार्च उजाडतो. गुणी मुलींना उबदार प्रदेशातील विद्यापीठांचे आकर्षण असणे स्वाभाविकच. अखिल अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने १९८२ साली मुलींची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. तेव्हापासून २००४ पर्यंत मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील एकाही संघाला ती जिंकता आली नव्हती. विजेतेपद जणू पश्चिमेच्या मालकीचे झाले होते.

हचिन्स यांची सूत्रे १९८५ साली सुरू झाली. आपल्या विभागातील, म्हणजे ‘बिग टेन’ गटातील पहिले विजेतेपद मिळाले १९९२ साली. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात संघ प्रथम पोहोचला १९९५ साली. आणि राष्ट्रीय अजिंक्यपद हाती आले २००५ साली. वीस वर्षे! या वीस वर्षांत एकाही हंगामात संघाचे पराभव विजयांपेक्षा अधिक झाले नाहीत, हे खरे. पण शिखर वीस वर्षे दूरच होते. आज आपल्याकडे दोन हंगामांत निकाल दिसला नाही तर प्रशिक्षक बदलण्याची भाषा सुरू होते. विद्यापीठाने धीर धरला आणि प्रशिक्षिकेने निष्ठा सोडली नाही. दोन्ही बाजूंनी ते घडले म्हणूनच पुढचे घडले.

२००५ च्या अंतिम लढतीत समोर होता लॉस एंजेलिसचा यूसीएलए संघ, आधीच्या दोन्ही वर्षांचा विजेता. तीनपैकी दोन सामने जिंकायचे होते. पहिला सामना मिशिगनने ०–५ असा गमावला. दुसरा ५–२ असा जिंकला. तिसऱ्यात सात डाव संपले तेव्हा १–१ अशी बरोबरी होती. खेळ लांबत दहाव्या डावापर्यंत गेला आणि पहिल्याच वर्षाला असलेल्या समांथा फिंडले या मुलीने तीन धावा देणारा होमरन मारला. ४–१. पहिल्या पराभवानंतर कोलमडून न पडणे आणि दहाव्या डावात एका नवख्या मुलीचा हात न थरथरणे, या गोष्टी त्या दिवशी मैदानावर शिकवता येत नाहीत. त्या आधीच शिकवून झालेल्या असाव्या लागतात.

प्रशिक्षकाचे न दिसणारे काम

सामन्याच्या दिवशी कुंपणाजवळ उभा असलेला प्रशिक्षक सर्वांना दिसतो. परंतु ते त्याच्या कामाचा लहानसा भाग आहे. अमेरिकेत महाविद्यालयीन संघाला हंगामात जास्तीत जास्त ५६ नियमित सामने खेळता येतात. खेळाडू ही आधी विद्यार्थिनी असल्याने हंगामातही सक्तीचा सराव आठवड्याला २० तासांपेक्षा अधिक घेता येत नाही आणि आठवड्यात एक दिवस विश्रांती बंधनकारक असते. अभ्यासात ठरावीक श्रेणी राखली नाही, तर उत्तम खेळाडूलाही मैदानावर उतरता येत नाही. म्हणजे परीक्षेचे वेळापत्रक प्रशिक्षकालाही पाठ असावे लागते.

त्याहून नाजूक काम म्हणजे मुली निवडणे. त्यासाठी उन्हाळाभर शालेय वयाच्या मुलींच्या स्पर्धा पाहत गावोगाव हिंडायचे, पालकांशी बोलायचे. या स्पर्धेत एक विकृतीही शिरली होती. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींकडून तोंडी होकार घेऊन ठेवण्याची चढाओढ लागली. अखेर २०१८ साली नियम झाला की, मुलगी शालेय शिक्षणाच्या शेवटून दुसऱ्या वर्षात पोहोचल्यावर, त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपूर्वी महाविद्यालयीन प्रशिक्षकाने तिच्याशी निवडीबाबत बोलणे करू नये. चांगल्या व्यवस्थेलाही स्वतःला आवर घालावा लागतो, याचे हे उदाहरण.

प्रशिक्षकाच्या अंगी काय असावे लागते, हे माइक कँड्रिया यांच्या आयुष्यातील एका प्रसंगातून दिसते. ॲरिझोना विद्यापीठाला आठ अजिंक्यपदे मिळवून देणारे हे प्रशिक्षक २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या संघाचे प्रमुख होते. स्पर्धेला काही आठवडेच उरले असताना जुलैमध्ये त्यांच्या पत्नीचे अकस्मात निधन झाले. दुःख उरात ठेवून ते संघासोबत गेले. संघाने नऊही सामने जिंकले, ५१ धावा केल्या आणि एकच धाव दिली. सुवर्णपदक मिळाले. त्या मुलींनी त्या काळात आपल्या प्रशिक्षकाकडून काय पाहिले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

एक बोचरा प्रश्न

आता एक गोष्ट अशी, जी या यशोगाथेत बसत नाही. पण सांगितली नाही तर चित्र अपुरे राहील. १९७२ साली अमेरिकेतील महाविद्यालयीन मुलींच्या संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या. लिंडा कार्पेंटर आणि व्हिव्हियन अकोस्टा या दोन प्राध्यापिकांनी अनेक दशके ही नोंद ठेवली. २०१४ साली हे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांवर आले होते. मुलांच्या संघांना प्रशिक्षक म्हणून स्त्री असण्याचे प्रमाण जेमतेम दोन-तीन टक्के.

हे कसे झाले? मानधन नव्हते तोवर ही कामे स्त्रियांची होती. कायद्यामुळे पैसा आला, पगार वाढले, प्रतिष्ठा आली आणि त्याबरोबर त्या जागांवर पुरुषांची रांग लागली. रात्री-अपरात्रीचे प्रवास आणि घरची जबाबदारी यांचा मेळ घालताना अनेक जणी मागे पडल्या. पुरुष प्रशिक्षक वाईट असतात असा याचा अर्थ नाही. कँड्रिया यांचे उदाहरण आताच पाहिले. पण ज्या स्त्रियांनी दार उघडले, त्यांच्याच लेकींना त्या दारातून आत जाताना गर्दीत उभे राहावे लागावे, यावर समाजाने विचार करायला हवा. काम कष्टाचे असते तोवर ते मातृत्वाच्या नावाने गौरवायचे आणि त्याला मोल आले की हिशेब बदलायचा, ही खोड फक्त अमेरिकेची आहे असे आपण छातीवर हात ठेवून म्हणू शकू काय?

अर्थात चित्र एकरंगी नाही. पॅटी गासो यांचे वार्षिक वेतन आज दहा लाख डॉलरच्या पुढे आहे. बिनपगारी ‘स्वयंसेवक प्रशिक्षक’ हे पद २०२३ साली सर्वोच्च श्रेणीतून रद्द झाले. वर्षानुवर्षे फुकट राबणाऱ्या तरुण साहाय्यकांना वेतनाचा मार्ग मोकळा झाला.

वारसा

२०१६ साली हचिन्स यांनी १,४५८ वा विजय मिळवून फ्रेस्नो स्टेटच्या मार्जी राइट यांना मागे टाकले. २४ ऑगस्ट २०२२ रोजी त्यांनी निवृत्ती जाहीर केली. साहाय्यक म्हणून काढलेली वर्षे धरून मिशिगनमधील त्यांच्या सेवेला तेव्हा जवळपास चाळीस वर्षे होत होती. विभागातील २२ विजेतेपदे आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात १२ वेळा प्रवेश, हा लेखाजोखा. परंतु खरी कसोटी पुढेच होती. माणूस गेल्यावर काम उभे राहते की कोसळते?

त्यांच्या जागी आल्या बॉनी थॉल. त्या १९८८ ते १९९१ या काळात हचिन्स यांच्याच संघातून खेळल्या होत्या आणि पुढे २९ वर्षे त्यांच्याच साहाय्यक होत्या. मुख्य पदासाठी दुसरीकडे जाण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता, तरी त्या तिथेच राहिल्या. सूत्रे बाहेरून माणूस आणून द्यावी लागली नाहीत. घरातच घडलेल्या व्यक्तीकडे ती सहज गेली. संघटनेचे काम करणाऱ्या प्रत्येकाला याचे मोल वेगळे सांगायला नको. आपल्यानंतर काम चालावे असे वाटत असेल, तर आपण असतानाच दुसऱ्याला मोठे होऊ द्यावे लागते.

आपल्यासाठी

अमेरिकेकडून सगळेच घ्यावे असे नाही. तेथील महाविद्यालयीन खेळात पैशाचा जो पूर आला आहे, त्याचे दुष्परिणाम तेथील विचारवंतच सांगत आहेत. आपली व्यायामशाळांची, आखाड्यांची परंपरा आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत १९६१ पासून प्रशिक्षक घडवले जातात. १९८५ साली द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भागवत होते. म्हणजे परंपरा आहे, संस्था आहेत, सन्मानही आहे. उणीव आहे ती घराघरातील मान्यतेची.

उद्या आपली मुलगी खेळता खेळता म्हणाली की, “बाबा, मला पुढे खेळ शिकवायचा आहे,” तर तिला लगेच स्पर्धा परीक्षांची पुस्तके आणून देऊ नका. तिला विचारा, शिकशील कुठे, कोणाच्या हाताखाली उमेदवारी करशील, दहा वर्षे धीर धरशील काय? आणि तिचे उत्तर ‘हो’ असेल, तर तिच्या मागे उभे राहा. संस्थाचालकांनीही आपल्या शाळेतील क्रीडाशिक्षकाला परीक्षेच्या बंदोबस्ताचा आणि स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या मांडण्याचा माणूस समजणे थांबवावे. एका संध्याकाळी त्याच्या मैदानावर जावे, तासभर उभे राहावे, तो काय घडवतो आहे ते पाहावे.

चाळीस वर्षांपूर्वी मिशिगनच्या मैदानावर सत्तावीस वर्षांची एक तरुणी अशीच उभी होती. तेव्हा पाहणारे फार थोडे होते. तरीही ती दुसऱ्या दिवशी वेळेवर सरावाला आली. प्रशिक्षकाच्या आयुष्याचे सार एवढेच आहे. आपल्या गावातही अशी एखादी तरुणी आज सायंकाळी मैदानावर आली असेल. तिची विचारपूस करण्याचे काम आपले आहे.